‘बटण दाबायला एक माणूस पुरे’ : कोथरूडकर यांना उत्तर

गेल्या आठवड्यातल्या लेखावर ‘कोथरूडकर’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. लेखात मी एवढंच म्हटलं होतं की प्रोग्रॅमिंग भाषेच्या मोठ्या रिलीजसाठी (रस्टची एडिशन, म्हणजे जुन्याशी न जुळणारे बदल एकत्र आणणारा टप्पा, किंवा पायथनची नवी आवृत्ती) तीन ते पाच जणांची वेगळी टीम नेमावी, तिला मुदत आणि अधिकार लेखी द्यावेत आणि काम झालं की ती विसर्जित करावी. त्यावर आलेली प्रतिक्रिया जशीच्या तशी देते (त्यातला सीआय म्हणजे प्रत्येक बदलानंतर बिल्ड आणि चाचण्या आपोआप चालवणारी यंत्रणा, टॅग म्हणजे कोडवर मारलेला आवृत्तीचा शिक्का):

“लेख म्हणजे कॉर्पोरेट मॅनेजरचं स्वप्नरंजन. चार माणसं बसवली की रिलीज होत नाही, मंडळ होतं. सीआय आणि स्क्रिप्ट असल्यावर बटण दाबायला एक माणूस पुरे, पायथनमध्ये तेच चालतं. छोट्या भाषांनी एवढी माणसं आणायची कुठून? रस्ट २०१८ एडिशनची तारीखही चुकली आहे. लेखिकाबाईंनी स्वतः कधी एखादा टॅग टाकला आहे का?”

कोथरूडकर, तारखेचं तुमचं बरोबर आहे. रस्टची २०१८ एडिशन १.३१ या आवृत्तीसोबत आली, ६ डिसेंबर २०१८ ला. मी ऑक्टोबर लिहिलं होतं. ते दुरुस्त केलं आहे. चूक दाखवलीत त्याबद्दल आभार.

आता टॅगबद्दल. गेली १६ वर्षं मी बिल्ड आणि रिलीज हेच काम करते, आधी मगरपट्ट्यात आणि आता हिंजवडीत. हे सांगायची वेळ यायला नको होती. लेखातलं कुठलं वाक्य चूक आहे ते न सांगता लिहिणाऱ्या बाईने काम केलंय का, हे विचारणं हा काही आक्षेप नव्हे. ‘लेखिकाबाई’ या शब्दातला सूर मला कळतो. हाच लेख एखाद्या पुरुषाने लिहिला असता तर त्याला तुम्ही हा प्रश्न विचारला असतात का, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आणि मंडळाचा टोमणा निदान पुण्यात राहून मारू नका. विसर्जनाच्या दिवशी रथ कोणाकडे, ढोलपथकाशी कोण बोलणार, पोलिसांची परवानगी कोणी आणायची हे आधी ठरलेलं असतं, म्हणून मिरवणूक निघते. मानाच्या पाच गणपतींचा क्रम ठरलेला आहे आणि अलका चौकात उभं राहून तो कोणी नव्याने ठरवत नाही. चांगलं चाललेलं मंडळ आणि नुसती गर्दी यात फरक असतो. मी लेखात गर्दी मागितलेली नाही.

तुमच्या प्रतिक्रियेतलं खरं वाक्य एकच आहे: बटण दाबायला एक माणूस पुरे. बटण दाबायला पुरतोच. प्रश्न बटण दाबण्याआधीच्या वर्षा-दीड वर्षाचा आहे.

उदाहरण तुम्ही पायथनचं दिलंत, तर तेच घेऊ. पायथनचा रिलीज मॅनेजर सहसा लागोपाठच्या दोन आवृत्त्या सांभाळतो: ३.१२ आणि ३.१३ थॉमस वाउटर्स यांच्याकडे, ३.१४ आणि ३.१५ ह्युगो व्हॅन केमेनाडे यांच्याकडे. नाव एकाचं असतं, हे खरं. पण रिलीज कसं करायचं हे ज्यात पायरीपायरीने लिहिलंय ते पेप १०१ (पायथनच्या अधिकृत दस्तऐवजांपैकी एक) उघडून बघा. त्यात रिलीज मॅनेजरखेरीज विंडोजचा तज्ज्ञ आणि मॅकचा तज्ज्ञ अशा वेगळ्या भूमिका आहेत, कारण इन्स्टॉलर बनवणं आणि त्यावर सही करणं ही वेगळी कामं आहेत. वरती भाषेचे अंतिम निर्णय घेणारी स्टीअरिंग कौन्सिल आहे. म्हणजे तुमच्या ‘एका माणसा’च्या मागे टीम आहेच, फक्त तिला टीम म्हणत नाहीत. शिवाय त्या माणसाचं काम ऑक्टोबरात संपत नाही. आवृत्तीला सुरक्षेचे पॅच पाच वर्षं मिळतात, तोपर्यंत ती ब्रँच त्याच्याच गळ्यात असते.

आता बटणाला जे जमत नाही त्याकडे येते. पायथनमध्ये साधारण मे महिन्यात पहिला बीटा येतो, त्यानंतर नवं फीचर घेत नाहीत. पहिल्या रिलीज कँडिडेटला (अंतिम होऊ शकणारी चाचणीप्रत) एबीआय, म्हणजे कंपाइल केलेल्या लायब्ररी पायथनशी ज्या पद्धतीने जोडल्या जातात ती, गोठतो आणि लायब्ररीवाले त्यावर व्हील्स (लायब्ररीची तयार पॅकेजं) बांधून पायपीआय या पायथनच्या पॅकेज-भांडारावर चढवायला लागतात. ३.१३ ची तारीख १ ऑक्टोबर २०२४ होती. त्यात नवा इन्क्रिमेंटल गार्बेज कलेक्टर (वापरून झालेली मेमरी थोडी थोडी करून मोकळी करणारा) घातलेला होता. चाचण्या पास होऊनच तो मर्ज झाला होता. पण काही प्रोग्रॅम त्याने मंदावतात असं शेवटी शेवटी दिसलं. तो बदल मागे घ्यायचं ठरलं, वेळापत्रकात नसलेला तिसरा कँडिडेट १ ऑक्टोबरला काढला आणि अंतिम आवृत्ती ७ ऑक्टोबरला आली. यात स्क्रिप्टने नक्की काय ठरवलं? महिनोन् महिने खपून कोणीतरी केलेलं काम आठवड्यावर आलेल्या रिलीजमधून काढायचं, मागे घेताना एबीआय हलून आधी चढवलेली व्हील्स निकामी होत नाहीत ना हे तपासायचं, तारीख सहा दिवस सरकवायची आणि हे जाहीर सांगायचं. हे माणसांचं काम आहे. आणि ज्याने ते फीचर लिहिलं त्यानेच ते काढायचा निर्णय घ्यावा अशी अपेक्षा ठेवणं त्याच्यावरही अन्याय आहे. एकच माणूस असला की तो कधी ना कधी याच पेचात सापडतो. टीम हवी ती याचसाठी.

तरीही स्क्रिप्टवर विश्वास असेल तर रस्ट १.८० बघा, २५ जुलै २०२४ चं. रस्टकडे क्रेटर नावाचं साधन आहे. जाहीर उपलब्ध असलेले क्रेट्स, म्हणजे रस्टची पॅकेजं, जुन्या आणि नव्या कंपायलरवर बांधून काय मोडतं ते दाखवतं. यापेक्षा चांगलं यंत्र मला माहीत नाही. १.८० मध्ये इटरेटरमधून (एकेक करून मूल्यं देणारी रचना) थेट बॉक्स केलेली स्ट्रिंग गोळा करण्याची सोय आली. बदल दिसायला निरुपद्रवी. पण ‘टाइम’ या क्रेटमध्ये एका ठिकाणी “यातलं सगळं एका बॉक्समध्ये गोळा कर” एवढंच लिहिलेलं होतं, बॉक्समध्ये काय ते कंपायलरवर सोडलं होतं. आधी पर्याय एकच होता, बॉक्स केलेली स्लाइस (मूल्यांची रांग), त्यामुळे कंपायलर ओळखत होता. आता पर्याय दोन झाले आणि तो “टाइप लिहा” म्हणून थांबला. क्रेटरला हे आधीच दिसलं होतं. ‘टाइम’ची दुरुस्त केलेली ०.३.३५ आवृत्तीही तयार होती. पण लोकांच्या लॉक फाइलमध्ये (प्रकल्पाला लागणाऱ्या पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) जुनी आवृत्ती बांधलेली होती. त्यांनी स्वतःच्या कोडची एक ओळही बदलली नव्हती, नुसता कंपायलर अपडेट केला, आणि बिल्ड लाल. यंत्राने आकडा दिला होता. त्या आकड्याचा अर्थ काय, किती लोकांच्या लॉक फाइली अडकतील, एक चक्र थांबायचं का, हा प्रश्न यंत्राला विचारता येत नाही. माझं मत आहे की तो बदल निदान एक चक्र, म्हणजे सहा आठवडे, थांबवायला हवा होता.

हे झालं सहा आठवड्यांच्या नेहमीच्या रिलीजचं. एडिशनमध्ये तर मुद्दाम मोडणारे बदल असतात, म्हणून प्रत्येक बदलाबरोबर जुना कोड आपोआप सुधारणारा लिंट (कोड तपासणारा नियम) लागतो. २०२४ च्या एडिशनमधलं एक उदाहरण घ्या. ‘इफ लेट’च्या अटीत रीड लॉक (वाचण्यापुरतं कुलूप) घेतला आणि ‘एल्स’मध्ये त्याच वस्तूचा राइट लॉक (लिहिण्याचं कुलूप) मागितला, तर २०२१ च्या एडिशनमध्ये प्रोग्रॅम तिथेच अडकतो, कारण पहिला लॉक ‘एल्स’ संपेपर्यंत सुटत नाही. २०२४ मध्ये तो ‘एल्स’च्या आधी सुटतो. चांगलं झालं. पण लॉक धरलेला राहील या भरवशावर कोणी ‘एल्स’ लिहिला असेल तर त्याचं वागणं गुपचूप बदलेल, म्हणून लिंट अशा जागी ‘मॅच’ लिहून जुनं वागणं टिकवतो. एवढ्या एका बदलासाठी कंपायलर, लिंट, मार्गदर्शिका आणि चाचण्या अशा चार जागी काम आहे. असे बदल एका एडिशनला बरेच असतात.

आणि ‘कार्गो फिक्स’ ही लिंटने सुचवलेल्या दुरुस्त्या आपोआप करणारी कमांड सगळं करून देतं असं समजू नका. ते फक्त त्या वेळी कंपाइल होणारा कोड बघतं. लिनक्सवर चालवलंत तर विंडोजपुरता लिहिलेला भाग तसाच राहतो. बंद असलेल्या फीचर्समागचा कोडही राहतो, म्हणून सगळी फीचर्स चालू करून आणि प्रत्येक टार्गेटवर (ज्या प्लॅटफॉर्मसाठी बांधायचं तो) वेगळं चालवावं लागतं. प्रोसीजरल मॅक्रोने (कंपाइल होताना कोड लिहून देणारा कोड) तयार केलेला कोड त्याला दुरुस्त करता येत नाही, आणि डॉक्युमेंटेशनमधल्या उदाहरणांना ते हात लावत नाही. हे सगळं आधी ओळखून, वापरणाऱ्याच्या हातात पडायच्या आधी लिहून ठेवणारं कोणीतरी नेमलेलं असावं लागतं. सगळ्यांचं काम म्हटलं की ते कोणाचंच राहत नाही.

पायथन २ वरून ३ वर जाताना काय झालं ते तुम्हालाही आठवत असेल. ३.० डिसेंबर २००८ मध्ये आलं. एकदा कोड बदलायचा आणि मागे बघायचं नाही, असं गृहीत धरलं होतं. लायब्ररीवाल्यांना मात्र दोन्हीकडे चालणारा एकच कोड हवा होता. युनिकोड स्ट्रिंगच्या आधीचं ‘यू’ अक्षर काढून टाकलं होतं, ते २०१२ मध्ये ३.३ ला परत आणावं लागलं. २.७ ची मुदत २०१५ वरून २०२० वर गेली. स्थलांतराची बाजू घेऊन पहिल्या दिवसापासून भांडणारा माणूस ठरवून ठेवला असता तर ते ‘यू’ मुळात निघालंच नसतं, असं मला ठामपणे वाटतं.

मग टीम कशी नेमायची? लेखात आहे, पण तुम्ही तिथपर्यंत वाचलेलं दिसत नाही, म्हणून पुन्हा सांगते. एक जण भाषेच्या डिझाइनवाल्यांशी बोलणारा, एक कंपायलरचा, एक स्थलांतर आणि साधनांचा, एक दस्तऐवजांचा. पाचवा परवडला तर बदली म्हणून. रिलीजच्या १५ महिने आधी नेमणूक. १२ महिने आधी प्रस्तावांची यादी बंद. सहा महिने आधी प्रत्येक बदल नाइटलीत (रोज रात्री निघणारी चाचणीची आवृत्ती), लिंटसकट. लिंट नसेल तर बदल बाहेर, कितीही आवडता असला तरी. रस्टमध्ये नाइटलीतून बीटा आणि बीटातून स्टेबल असे सहा-सहा आठवडे लागतात, म्हणजे शेवटच्या १२ आठवड्यांत नवीन काही घ्यायचं नाही. ज्याचा प्रस्ताव, त्याला त्या प्रस्तावावर मत नाही. आणि ‘बाहेर’ म्हणण्याचा अधिकार टीमचा, प्रस्ताव देणाऱ्याची संमती न लागता. डेक्कन क्वीन सव्वासातला पुण्याहून सुटते. चुकली तर पुढची गाडी असते, ती कोणासाठी उभी राहत नाही. आपली गाडी चुकली हे कोणीतरी तोंडावर सांगावं लागतं, आणि ते सांगणारी माणसं आधी नेमलेली असली की भांडण वैयक्तिक होत नाही.

छोट्या भाषांनी माणसं कुठून आणायची, हा वेगळा विषय आहे. माझा लेख मोठ्या रिलीजबद्दल होता. ‘कॉर्पोरेट स्वप्नरंजन’ याला उत्तर द्यायची मला गरज वाटत नाही.

पुन्हा लिहाल तर १२ आठवड्यांच्या मुदतीवर लिहा, लिंटच्या अटीवर लिहा, क्रेटरचा आकडा कसा वाचायचा यावर लिहा. त्या प्रत्येकाला मी उत्तर देईन. ‘बाईंनी कधी केलंय का’ या सुरातली पुढची प्रतिक्रिया मात्र मी छापणार नाही. तारखेच्या दुरुस्तीखाली तुमचं नाव दिलं आहे.