ट्रॅक्टर गॅरेजच्या मालकाचं उत्तर: डायनॅमोची चूक आमची, ऑइलगळतीची नाही

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू वाचला. एक तारा दिलाय. इंजिन साफ करायचे १,८०० रुपये घेतले, दोन दिवस ट्रॅक्टर अडकवून ठेवला, आणला तेव्हा ऑइल गळत नव्हतं ते धुतल्यावर गळायला लागलं, बॅटरी चार्ज होईना, जागोजागी रंग उडाला, इंजिन चमकतही नाही, आणि हेच काम वॉशिंग सेंटरवाला ३०० रुपयांत अर्ध्या तासात करतो, असं लिहिलंय. तुम्ही पुण्यात असता, ट्रॅक्टर आबा घेऊन आले होते. इथं काय झालं ते तुम्हाला फोनवर जेवढं कळलं तेवढंच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी बॅटरीचं, कारण ती चूक आमचीच. धुण्याआधी आम्ही डायनॅमो (बॅटरी चार्ज करतो तो), सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर), एअर क्लीनरचं तोंड, ऑइलची पट्टी घालायची नळी, सगळ्याला प्लास्टिकची पिशवी घालून वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळतो. दुसऱ्या दिवशी डायनॅमोच्या मागची बाजू घासायला पोरानं पिशवी सोडली आणि परत बांधलीच नाही. पाणी मारताना ते आत गेलं. आत कार्बनची बारीक पूड असते, ती डिझेलच्या पाण्यात कालवली गेली की आर्मेचरवर, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागावर, काळा लेप बसतो आणि चार्जिंग बंद पडतं. नंतर ट्रॅक्टर चालू करून दहा मिनिटं आवाज ऐकला, पण अँपिअरच्या काट्याकडे ना पोरानं बघितलं ना मी. बघितलं असतं तर आबा इथून निघायच्या आधीच कळलं असतं. डायनॅमो खोलून आर्मेचर पॉलिश पेपरनं साफ करायचं आणि त्याला घासणारे कार्बनचे तुकडे नवे टाकायचे एवढंच काम आहे. ते मी वस्तीवर येऊन करून देईन, पैसे घेणार नाही.

आता ऑइलचं. इथं मात्र मी माघार घेणार नाही.

तुमचा ट्रॅक्टर मॅसी १०३५, तीन सिलिंडरचा. आबा म्हणाले घेतल्यापासून इंजिन कधी असं खरवडून साफ केलंच नाही, पोळा-दसऱ्याला वरून पाणी मारलं तेवढंच. टायमिंग कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या पुढच्या झाकणाच्या, खाली आणि डिझेल पंपाच्या मागे बोटभर जाडीची खपली होती. ब्रश तिला काही करेना. लांबी (पुट्टी) भरायच्या पत्र्यानं उचकटायला लागली. तुटलेला तुकडा हातात घेतला तर आत थर दिसत होते. वर काळा मेणचट थर, त्याखाली मुरमाची तांबूस धूळ, मध्ये मळणीचा भुसा, परत काळा. पंप आणि ब्लॉकच्या मधल्या बेचक्यात तर चक्क अर्धा इंची पाना रुतून बसलेला निघाला. आबांनी तो बघितला आणि हसायलाच लागले. कितीतरी वर्षांपूर्वी तो हरवला म्हणून त्यांनी सालगड्याला बोल लावला होता म्हणे.

एवढी खपली उगाच साठत नाही. कोरड्या लोखंडावर धूळ बसली तर पुसून निघते, खपली धरायला ऑइल लागतं. म्हणजे ऑइल कित्येक वर्षं पाझरतच होतं. फक्त ते जमिनीवर पडायच्या आधी धूळ पिऊन टाकत होती, म्हणून अंगणात डाग दिसत नव्हता. आम्ही खपली काढली, डाग दिसायला लागला.

गळती कुठून आहे तेही शोधलं होतं. ओलं जिथं दिसतं तिथूनच गळतंय असं नसतं. पंख्याचा वारा ऑइल मागे ढकलतो आणि ते आपल्या वजनानं खाली उतरतं. त्यामुळे पुढचं-वरचं गळलं तरी ओल मागे-खाली दिसते. आम्ही इंजिन पूर्ण कोरडं करून सांध्यांवर खडूची पूड लावली आणि पंधरा मिनिटं चालवलं. पांढऱ्यावर काळी रेघ पहिली उठली ती टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यात. तिथलं कॉर्कचं पॅकिंग वाळून चिंचोक्यासारखं कडक झालंय. त्यात ब्रीदरची नळी धुळीनं आणि ऑइलनं जवळजवळ बुजलेली होती. इंजिनच्या पोटातला वाफारा बाहेर पडायला तीच वाट असते. ती बंद झाली की आतला दाब पॅकिंगमधून आणि सीलमधून ऑइल बाहेर रेटतो. ब्रीदर आम्ही मोकळा करून दिलाय. पॅकिंग बदलू का म्हणून आबांना विचारलं, तर म्हणाले, "दसरा होऊ दे, मग बघू." खंडेनवमीच्या पूजेला त्यांना ट्रॅक्टर दारात हवा होता. आमचं चुकलं ते एवढंच की हे बिलावर लिहून दिलं नाही. तोंडी सांगितलेलं पुण्यापर्यंत कसं पोचणार? आता गळती दिसली की बिलाच्या मागे लिहून सही घेतो.

दोन दिवसांचं म्हणाल तर पहिला अर्धा दिवस इंजिन नुसतं गार व्हायला गेला. आबा १४ किलोमीटर चालवत आले होते, ब्लॉकला हात लावता येत नव्हता. तापलेल्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) हेडवर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. त्याहून नाजूक डिझेल पंप. त्याच्या आतल्या भागांमध्ये केसाएवढीही फट नसते, गरम पंपावर एकदम गार पाणी मारलं तर तो जाम होऊ शकतो, आणि पंपाचं काम काय भावात पडतं ते आबांना विचारा. संध्याकाळी सगळीकडे ब्रशनं डिझेल फासून रात्रभर भिजत ठेवलं. सकाळी पत्रा, तारेचा ब्रश, सांदीकोपऱ्यात जुना टूथब्रश. मग दुसऱ्यांदा डिझेल, त्यावर धुण्याच्या पावडरचं कोमट पाणी, साधी नळी, शेवटी हवा मारून सुकवलं. रेडिएटरच्या जाळीला इंजिनच्या बाजूनं पुढे हवा मारली. पुढून मारली तर भुसा आणखी आत बसतो. सहा लिटर डिझेल गेलं, ते तेव्हा लिटरला नव्वद रुपयांच्या आसपास होतं, आणि एका माणसाचा दीड दिवस. १,८०० रुपयांचा हिशोब एवढाच.

३०० रुपयांत होतं ते वॉशिंग, त्याला मी नावं ठेवत नाही. माझी मोटारसायकल मीही तिथंच धुतो. पण जोराचा फवारा सिलांवर आणि वायरच्या जोडांवर मारला तर पाणी आणि माती आत जाते. काही जण झटपट व्हावं म्हणून कॉस्टिक सोडा वापरतात. बीड आणि लोखंड ते सोसतं, ॲल्युमिनियमला मात्र ते खातं. गेल्या उन्हाळ्यात एक ट्रॅक्टर आमच्याकडे आला, त्याचं ॲल्युमिनियमचं कव्हर पांढरंफटक पडून खवल्यासारखं झालं होतं. गिऱ्हाईक म्हणालं, धुतलं तेव्हा मस्त फेस आला होता. तो फेस म्हणजे धातू विरघळत होता, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही पेट्रोलही वापरत नाही. स्वस्त-महागाचा प्रश्न नाही, एका ठिणगीत शेड जाईल. डिझेल लावतानासुद्धा बॅटरीची वायर आधी सोडतो आणि बिडीवाल्याला फाटकाबाहेर बसवतो.

रंगाचं म्हणणं बरोबर आहे. खाली राखाडी रंगाचे पोपडे खपलीसोबतच निघून आले, कारण त्याखाली ऑइल मुरलेलं होतं. तिथं आता कच्चं बीड उघडं आहे. रंग मारायचाच असेल तर पॅकिंग बदलून गळती थांबल्यावर मारा, आत्ता मारला तर महिन्यात सुटेल.

तुम्ही विचारलं नाहीत, पण लिहितो. आम्ही खरवडलेला गाळ आणि काळं डिझेल ट्रेमध्ये धरतो आणि लाकडाचा भुसा टाकून उचलतो. पूर्वी सरळ ओढ्याला सोडायचो. एका पावसाळ्यात शेजारच्या विहिरीवर तवंग आला आणि त्या माऊलीनं दारात येऊन जे सुनावलं, त्यानंतर ट्रे आला. दोन दिवसांत थोडा वेळ तिकडेही जातो.

आणि इंजिन काचेसारखं चमकत नाही हे खरंय. ऑइल लावून चमकवून देणारे आहेत, फोटो छान येतो. पण त्या ऑइलवर पहिल्याच नांगरटीला धूळ चिकटते. कोरडं दिलं म्हणून तर आबांना चौथ्या दिवशी गळती दिसली. तसंच चालवत राहिले असते तर वरचा भुसा ऑइलनं भिजून सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपाशी साठला असता, आणि तिथल्या उष्णतेनं तो पेटला की काय होतं ते मी एकदा बघितलंय.

तर डायनॅमोसाठी कोणत्या दिवशी येऊ ते आबांना सांगायला सांगा. पॅकिंगची मजुरीही या खेपेला घेणार नाही, फक्त पॅकिंगचे पैसे द्या. त्यासाठी ट्रॅक्टर इथं आणायचा असेल तर आदल्या संध्याकाळीच आणून लावा, म्हणजे सकाळी गार इंजिनवर हात घालता येईल. तोपर्यंत ऑइलची पट्टी रोज सकाळी चालू करायच्या आधी बघा, ऑइल खालच्या खुणेच्याही खाली गेलं तर आहे त्याच नंबरचं ऑइल टाका. आणि तो अर्धा इंची पाना आबा आमच्याच टेबलावर विसरून गेलेत, येताना घेऊन येतो.