फोन घरी ठेवून या म्हणे!

आज सकाळी जळगावच्या मेहरूण तलावावर चालताना एका गृहस्थांनी मला अडवलं. ओळख ना पाळख. पायात पांढरेशुभ्र बूट, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ, बरोबर तसेच आणखी दोघे. म्हणाले, "ताई, राग मानू नका, पण चार दिवस बघतोय, तुम्ही चालता कमी आणि फोनवर जास्त. एक तास तरी स्वतःला द्या हो. फोन घरी ठेवून येत चला. आतून इच्छा पाहिजे, तरच हे टिकतं."

आतून इच्छा!

मी "हो हो" म्हणून हसले आणि पुढे निघाले. आपण अशा वेळी हसतोच. उत्तर सुचलं ते घरी येऊन भाकरी थापताना, आणि दिवसभर डोक्यात घोळत राहिलं. गाडीत मैत्रिणींना सांगून झालं, तरी भागलं नाही, म्हणून आता इथे लिहितेय. लांबणार आहे. ज्याला कंटाळा येईल त्याने खुशाल पुढे सरकावं.

तर मी फोनवर काय बोलत होते? लेकाला विचारत होते, "तिसरी शिट्टी झाली का? दुसरी की तिसरी? मोजत नव्हतास? बरं, बंद कर आता. पप्पा आले का? चहा गाळून दे त्यांना. आणि परत आडवा होऊ नकोस, क्लास आहे." एवढंच. यात माझी कोणती मौज चालली होती ते त्यांनीच सांगावं. आमचे हे चटईच्या कारखान्यात, सध्या रात्रपाळी. सकाळी घरी येतात तेव्हा डोळे उघडे ठेवणंच त्यांना जड जातं. लेक दहावीला. मला डबे भरून, आवरून स्टेशन गाठायचं असतं, कारण धरणगावला अप-डाऊन. आणि हे सगळं ज्यांच्या जिवावर चालतं त्या आमच्या सासूबाई नणंदेकडे अमळनेरला गेल्यात. त्या घरी असल्या की माझा फोन पर्समधून निघतसुद्धा नाही. हे त्या बुटवाल्या दादांना कुठून माहीत असणार! विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण विचारायचं नसतं, सांगायचं असतं.

आता सासूबाईंचं सांगते, कारण त्याशिवाय माझा राग तुम्हाला कळायचा नाही.

गेल्या वर्षी माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (ती HbA1c तपासणी) 6.1 आली. डॉक्टर म्हणाले, काठावर आहात, एवढ्यात गोळी नको, पण आठवड्याला 150 मिनिटं तरी भरभर चाललंच पाहिजे. हिशेब केला, रोजची वीस-बावीस मिनिटं. हात्तिच्या, एवढंच? मी फुले मार्केटमधून बूट आणले, भाच्याने मोबाईलमध्ये ते पावलांचं ॲप टाकून दिलं, आणि झाली सुरुवात. काय उत्साह म्हणून सांगू! तेव्हा मला कोणी प्रेरणेवर भाषण द्यायला बोलावलं असतं तर मी दिलं असतं.

मग आषाढात आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, चुलीचा धूर नाही, फोडणीची वाफ नाही, दिवसातून इतक्या वेळा थेंब. माझं चालणं त्याच दिवशी बंद. इच्छा कुठे गेली नव्हती. आतून होती, बाहेरून होती, बूट दारातच होते. पण कुकर चढवून मी तलावावर गेले तर तो उतरवणार कोण? मला वाटलं, संपलं आपलं. भाच्याचं ॲप रोज संध्याकाळी टिंग वाजवून विचारायचं, आज हार मानलीत का? काढूनच टाकलं ते.

आणि एका सकाळी, उजाडायचं होतं अजून, मी स्वयंपाकघरात गेले तर आई ओट्याशेजारी स्टुलावर बसलेल्या. डोळ्यांवर तो काळा गॉगल, अंधारात. डोक्यावरून पदर. हातात तीन शेंगदाणे. मी म्हटलं, आई, हे काय? तर त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "तू जाय फिराले. कुकर मी दखस."

"अहो, तुम्हाला दिसतंय कुठे!"

"मना डोया बंद शेतस, कान नही. शिट्ट्या मी मोजस."

शेंगदाणे कशाला, तर एक शिट्टी झाली की एक दाणा तोंडात टाकायचा. तिसरा दाणा खाल्ला की हाताने चाचपून बटण फिरवायचं. मोजण्यात गफलत नको म्हणून. कवळी लावून तयार बसल्या होत्या हो! मी दारातच उभी राहिले. मग त्या ओरडल्या, "जाय ना वं माय, उभी काय राहिनी!" तेव्हा निघाले.

त्या दिवशी तलावाला किती चकरा झाल्या ते आठवत नाही, पण माझं चालणं पुन्हा सुरू झालं ते तिथून. कुठल्या व्हिडिओमुळे नाही, भिंतीवर चिकटवलेल्या कागदामुळे नाही, ॲपच्या टिंगमुळे तर नाहीच.

म्हणून मला "आतून इच्छा" ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जाते. ज्याच्या घरी शिट्ट्या मोजायला माणूस आहे त्याला वाटतं आपण फार जिद्दी. त्या दादांच्या घरी ते परत जाईपर्यंत पोहे तयार असणार, टॉवेल दोरीवर असणार, पाणी भरलेलं असणार, हे मी पैज लावून सांगते. ते कोणी केलं? ती बाई तलावावर का दिसत नाही? तिला नसेल का आतून इच्छा? सरकारनेच 2019 मध्ये मोजलं होतं, घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला 299 मिनिटं जातात आणि करणाऱ्या पुरुषाची 97. मला हे वाचून नवल काय ते 97 चंच वाटलं. इतकी कोणत्या घरात, तो पत्ता द्या कोणीतरी.

बरं, एक मान्य करते. ट्रॅकवर काही जणी खरंच नुसत्या गप्पा मारायला येतात, रस्ता अडवून चालतात आणि खाली कचोरी खाऊन घरी जातात. असतात अशा. पुरुषही असतात, पण असो.

आणि फोनवर बोलत चालल्याने वेग पडतो म्हणे. अहो, भरभर चालणं म्हणजे काय ते डॉक्टरांनीच मला सांगितलंय, बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये एवढा वेग. मी बोलतच होते ना? मग नियमात होते की!

अजून एक. ते दहा हजार पावलांचं खूळ. त्या तिघांचं घड्याळात बघून तेच चाललं होतं, साडेआठ हजार झाले, नऊ हजार झाले. हा आकडा कुठल्या दवाखान्यातून आलेला नाही. 1965 च्या सुमाराला जपानात एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, त्याचं नावच दहा हजार पावलांचं ठेवलं, आणि तो आकडा जगभर चिकटला. दहा हजार चालून कोणाचं वाईट होत नाही, चाला बापडे. पण आमच्या ऑफिसातली एक पोरगी सहा हजारांवर अडकते म्हणून रोज रात्री खट्टू होते, आणि तिच्या कडेवर दीड वर्षाचं लेकरू आहे. ते लेकरू घेऊन जिना चढलेली पावलं कोण धरतं? ते सगळं शरीराला कळतं बाई, घड्याळाला नाही कळलं तरी. डॉक्टर तर म्हणतात, सलग वेळ नसेल तर तुकड्या-तुकड्याने चाला, दहा मिनिटं इथे, पाच तिथे, सगळं जमेला धरलं जातं. हे मात्र कोणी रीलमध्ये सांगत नाही, कारण त्याला टाळ्या पडत नाहीत.

आम्ही तेच करतो. संध्याकाळी धरणगावला गाडी लेट असली (म्हणजे असतेच) की आम्ही अप-डाऊनवाल्या बाकावर बसत नाही. पर्स आडवी अडकवायची, डब्याची पिशवी दुसऱ्या खांद्यावर, आणि प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पहिल्यांदा लोक बघायचे, या बायांचं काही हरवलं का म्हणून. चहावाल्याने तर विचारलंही. आता तोच घोषणा झाली की हाक मारतो, "मॅडम, दोनवर येतेय, फिरा मागे!" एक जण कंटाळली तर दुसरी ओढते. मला एकटीला तिथे चालायला लाज वाटली असती. चौघी आहोत म्हणून वाटत नाही. रात्री जेवणानंतर गल्लीत दहा मिनिटं, त्याने साखरेला फरक पडतो, हे मी मशीनवर स्वतः बघितलंय. तेव्हा हेही येतात बरोबर, रात्रपाळी नसली की. न बोलता चालतात, पण येतात. आणि पाण्याच्या दिवशी टाकीवर आता तेच चढतात, एवढं श्रेय देऊन टाकते, नाहीतर ही पोस्ट वाचून उद्या तोंड पाडतील.

आणि पहाटे पाचला उठा म्हणणाऱ्यांना एकदा मे महिन्यात जळगावात आणून ठेवलं पाहिजे. दिवसा 44, 45. रात्री लाईट गेली की गाद्या घेऊन गच्चीवर, तिथे डास. डोळा लागतो तीनला. पाचला उठून चालायचं नाहीतर साडेसातला उन्हाचा चटका बसतो. मग झोपायचं कधी? अपुऱ्या झोपेने साखर वाढते, हेही डॉक्टरच सांगतात. मी मे महिन्यात चालण्यात खंड पाडते. बिबडे, पापड, कुरडया, लग्नं, आणि वरून ते ऊन, कोण कुठे चालतंय! जूनमध्ये पुन्हा सुरू करते. त्यात मला तरी काही वाटत नाही. आता हिवाळ्यात भरीत पार्ट्या सुरू झाल्यात, शेतात वांगी भाजून, तेलाची धार सोडून, कळण्याच्या भाकरीबरोबर. तिथे माझं डाएट विचारायला कोणी येऊ नये. आलं तर पातीच्या कांद्याने मारीन.

जरा शांत झाले आता लिहिता लिहिता. तो माणूस वाईट नसावा. आवाजात मग्रुरी नव्हती, काळजीच होती बहुतेक. त्याची साखरही वाढलेली असेल, कुणी सांगावं, कोणीतरी त्याला घाबरवलं असेल आणि आता तो सगळ्या जगाला वाचवायला निघाला असेल. माणसाला स्वतःला काही जमलं की दुसऱ्याला सांगावंसं वाटतंच. मलाही पहिल्या आठ दिवसांत वाटलंच होतं की.

संध्याकाळी आईंना फोन केला, सगळं सांगितलं. मला वाटलं म्हणतील, जाऊ दे, मोठा माणूस, बोलला तर बोलला. पलीकडून आधी नणंदेच्या टीव्हीचा आवाज, मग त्यांचा: "तो कोन शे सांगनारा? त्यानी भाकर कोन थापस, ते इचार त्याले."

आता याच्यापुढे मी काय लिहू! एवढी मोठी पोस्ट लिहिली, त्यांनी एका दमात आटपलं.

मग त्यांनी विचारलं, पोरगा शिट्ट्या नीट मोजतो का. मी म्हटलं, नाही, काल डाळ करपली, आज भात लगदा झाला. तर म्हणाल्या, त्याला शेंगदाणे दे. दिले असते, पण तो पहिल्या शिट्टीलाच तिन्ही खाऊन मोकळा होईल. रविवारी येताहेत आई. नणंद अजून आठ दिवस ठेवून घ्यायचं म्हणत होती, पण त्याच नको म्हणाल्या. इकडे यायची ओढ आहे की माझ्या कुकरची काळजी, देव जाणे. मी मात्र मनातून सुटले. आणि लगेच वाटलं, ही बाई पंचाहत्तरीला आली, तिने आरामाला म्हणून लेकीकडे जावं तर इथे माझ्या चालण्यासाठी परत यायचं? त्यांचं फिरणं कोण बघतं? त्या विचारतात थोडंच आम्हाला. लेकाला म्हटलंय, दहावी बिहावी ठीक आहे, पण आजी आली की संध्याकाळी तिला काव्यरत्नावली चौकापर्यंत हाताला धरून नेऊन आणायचं. तोंड वाकडं केलंय, पण नाही म्हणालेला नाही.

तर मंडळी, ज्यांना जमतं त्यांनी दौडा. खान्देश रनला धावणाऱ्या आमच्या दोन मैत्रिणींचं मला मनापासून कौतुक आहे, दोघींच्याही घरी सकाळचा स्वयंपाक नवरे बघतात, हे त्यांनीच सांगितलंय. फक्त रस्त्यात थांबवून कोणाला आतली इच्छा विचारू नका.

आणि हो, कमेंटमध्ये "इच्छा तिथे मार्ग" लिहायला कोणाची बोटं शिवशिवत असतील तर उद्या सकाळी सहाला आमच्याकडे यावं. उद्या पाणी यायचा दिवस आहे, हे रात्रपाळीला आहेत, आणि टाकीवर चढायला एक माणूस कमी आहे.