कागदबिगद कशाला

सांगलीत कुणाला ‘आधी एक छोटं ॲग्रीमेंट करूया’ म्हणून बघा, पत्रिका जुळायच्या आधीच पोटगीचं काढल्यासारखा चेहरा होतो समोरच्याचा.

मी घरी बसून पॅकेजिंग डिझाईन करतो. आमच्या अण्णांचा मार्केट यार्डात हळदीचा गाळा. त्यांना हळद पावडरच्या पाऊचचं डिझाईन पाहिजे होतं. म्हटलं एकच पान लिहू: काम काय, पैसे किती, विसार 50 टक्के, बदल दोनदा फ्री. हा बदलाचा मुद्दा फार महत्त्वाचा, कारण इथं लोगो आधी वहिनी बघणार, मग मेव्हणा बघणार, मग हमालसुद्धा ‘गणपती जरा मोठा घ्या की’ म्हणून जाणार, आणि ते सगळं ‘बारकं काम’ म्हणून माझ्या व्हॉट्सॲपवर येऊन पडणार, तेही रात्री साडेदहाला.

अण्णा म्हणाले, "कागदबिगद कशाला? मी काय पळून चाललोय व्हय? गाळा हितंच हाय."

आता कायद्यानं ते बरोबरच, 1872 च्या करार कायद्यात तोंडी करारपण चालतो. फक्त दोन महिन्यांनी अण्णांचं तोंड वेगळं बोलतं, माझं वेगळं.

मग मी हळूच म्हटलं, "अण्णा, 1957 चा कॉपीराइट कायदा बघा, मी सहीनिशी लिहून दिल्याशिवाय डिझाईनचा हक्क तुमच्याकडं येत नाय. आणि मुदत लिहिली नाय तर 5 वर्षंच धरतात."

अण्णा ताठ बसले. "म्हणजे 5 वर्षांनी पाऊच बदलायचं? मग पैसे मी कशाचे देतोय रे? आण तो कागद!"

तिथनं पुढं मलाच आवरेना. म्हणे स्टँपवरच करू. 100 चा बंद होऊन 500 चा लागतो म्हटल्यावर, "साधा कागद बरा दिसतोय." यार्डात सौद्याला बोली वर चढते, माझा विसार मात्र 50 वरनं उतरत उतरत 30 वर आला. तेवढ्यात स्वतःच्या हातानं त्यांनी एक ओळ वाढवली: ‘पिवळा रंग आमच्या हळदीसारखाच पाहिजे, दुसऱ्याच्या नको.’ आता हे कोर्टात कोण कसं ठरवणार!

सहीला पेन उघडलं आणि थांबले. "पोरीला दाखवतो जरा, पुण्याला वकिली शिकतीया."

फोटो गेला. लगेच फोन आला, स्पीकरवर.

"दादा, डिझाईनचे बदल दोनदा, ते ठीकाय. पण या ॲग्रीमेंटमधले बदल किती वेळा फ्री?"