सात अठ्ठेचाळीसचा जिमखाना

घराचा ताबा मिळाला की बिल्डरचं ब्रोशर रद्दीत घालू नका. हप्ते फेडता फेडता आपण नेमकं काय विकत घेतलंय याचा विसर पडतो, तेव्हा ते उघडून बघायला लागतं. त्यात जॉगिंग ट्रॅक आहे, क्लब हाउस आहे, बाल्कनीत चहा पिणारं एक गोरंगोमटं जोडपं आहे आणि खाली ‘स्टेशनपासून फक्त ५ मिनिटांवर’ असं छापलंय. ही पाच मिनिटं कुणी मोजली, असे खवचट प्रश्न विचारू नयेत. शेअर रिक्षा भरेपर्यंतचा वेळ त्यात धरलेला नाही, एवढंच.

बदलापूरच्या बाजूला घेतलं असेल तर कॉम्प्लेक्सच्या नावात ‘रिव्हर’ असायची दाट शक्यता. त्याबद्दलही कुरकुर नको, उल्हास नदी शब्दाला जागणारी आहे. २६ जुलै २००५ला ती लोकांच्या घरात येऊन गेली. २७ जुलै २०१९ला तर महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढायला बोटी आणाव्या लागल्या. यापेक्षा जवळून रिव्हर व्ह्यू कोण देणार? पाऊस वाढला की आपली गाडी तेवढी उड्डाणपुलावर नेऊन लावा.

आता फुरसतीकडे वळू. उपनगरात नवीन आलेला माणूस फुरसत घरात शोधतो आणि तिथेच फसतो. रात्री साडेनऊला दार उघडल्यावर घरात मिळतं ते झाकून ठेवलेलं ताट. फुरसत मिळते ती सकाळच्या लोकल गाडीत. समजा, आपली ७.४८. बाराच्या बारा डबे हा एक जिमखानाच असतो, आणि सभासदत्व दादर-पार्ल्याच्या कुठल्याही क्लबपेक्षा अवघड.

आधी काही महिने दारात लोंबकळून उमेदवारी करावी लागते. आतले लोक तुम्हाला बघून न बघितल्यासारखं करतात. मग एके दिवशी कुणीतरी न बोलता तुमची बॅग घेऊन वर रॅकवर टाकतं. अर्ज मंजूर झाला असं समजावं. त्यानंतर यथावकाश चौथी सीट मिळते, म्हणजे तिघांच्या बाकावर अर्धं बूड टेकवायची परवानगी. उरलेलं अर्धं पॅसेजमध्ये, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या सेवेत. विंडो मात्र मागू नये. ती वारसाहक्काने जाते. फारच घाई असेल तर डोंबिवलीकर करतात तसं करा: मुंबईला जायचं म्हणून आधी उलटं कल्याणला जा, तिथून बसून या. कामाला जायच्या आधी विरुद्ध दिशेला सहल! मुंबईत राहणाऱ्यांच्या नशिबी हे कुठलं?

एकदा आत शिरलात की मग काय हवं ते आहे. चौघांच्या मांड्यांवर बॅग आडवी, तिच्यावर रुमाल, रुमालावर रमी. पानं ठाण्याला पिसायची, घाटकोपरला कुणीतरी डिक्लेअर करतं, दादरला हिशेब अर्धवट सोडून उतरायचं. पुढच्या डब्यात टाळ वाजत असतात, तिथे ‘जय जय राम कृष्ण हरी’ला दारातले लोकसुद्धा एका हाताने ठेका धरतात. दुसऱ्या हाताने दांडा धरलेला असतो, त्यामुळे टाळी तेवढी वाजत नाही. दसऱ्याला गाडीला झेंडूचं तोरण, डब्यात पूजा आणि पेढे. कामाला लागल्यापासून इतक्या मनापासून घरच्या चौकटीला तोरण लावलंय का, आठवून बघा.

बायकांच्या डब्यात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, डोहाळजेवणंही होतात. परतीच्या गाडीत तर फुरसतीला ऊत येतो. मुलुंडपर्यंत मेथी निवडून होते, कळव्यापर्यंत मटार सोलून होतात, घरी गेल्यावर फक्त फोडणी द्यायची राहते. याला विश्रांती म्हणतात. खात्री नसेल तर त्यांच्या घरातल्या पुरुषांना विचारा.

रविवारी मात्र जपून. रविवारी जिमखाना बंद असतो आणि दिवस घरच्यांबरोबर काढावा लागतो. नेमकं त्याच दिवशी दादरला लग्न असतं, मुहूर्त बाराचा. शनिवारच्या पेपरात तुम्ही वाचलेलं असतं: रुळांच्या कामासाठी मेगाब्लॉक, माटुंगा ते मुलुंड, सकाळी ११.०५ ते दुपारी ३.५५, गाड्या सुमारे १५ मिनिटे उशिराने. त्या ‘सुमारे’वर विश्वास ठेवून निघावं. अक्षता चुकतात, पण आइस्क्रीम मिळतं. वर नातेवाईक विचारतात, ‘अरे, एवढ्या लांबून आलात?’ त्यावर हसावं. हेच लोक तुमच्या वास्तुशांतीला ‘अगं, ब्लॉक होता ना’ म्हणून आलेले नसतात, हे त्या वेळी काढू नये. निदान आहेर हातात असेपर्यंत तरी.

नाटकालाही गाव सोडायचं कारण नाही. ठाण्याला गडकरी रंगायतन, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले नाट्यगृह, कल्याणला अत्रे रंगमंदिर. पण घराजवळ बघितलेलं नाटक खरं वाटत नाही, त्याला इलाज नाही.

निसर्ग हवा म्हणून इकडे आलात, तर पावसाळ्यातल्या रविवारी कोंडेश्वरच्या धबधब्याकडे निघून बघा. वाटेत अख्खी मुंबई भेटेल. तुम्ही मॉल बघायला तिकडे जाता, ते धबधबा बघायला इकडे येतात, आणि दोघंही मधल्या रस्त्यावर एकमेकांच्या गाड्यांचे नंबर वाचत बसता. पोचलातच तर बंदी आदेशाचा फलक असतो. फलकासमोर सेल्फी काढून परत यायचं. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं आहे. आजवर कुठे गेलं नाही, तेव्हा तेही पुढच्या रविवारवर ढकलायला हरकत नाही.

त्यापेक्षा सकाळी मासळी बाजारात जाऊन यावं. तिथे एखादा चेहरा ओळखीचा वाटतो, पण कुठला ते लक्षात येत नाही. तो रोज तुमच्या समोर बसणारा विंडोवाला असतो! वर्षानुवर्षं त्याच्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी तुम्ही खाल्लीय, त्याच्या मुलीला किती टक्के पडले ते तुम्हाला पाठ आहे, फक्त त्याला मोकळ्या जागेत दोन पायांवर उभं कधी बघितलेलं नाही. नावही माहीत नाही. बायको शेजारी असताना ‘काय विंडो, आज पापलेट?’ म्हणायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

दिवाळीत नरकचतुर्दशीला पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडला जावं, तरुण पिढीच्या कपड्यांना नावं ठेवावीत, आणि आपण तिथे पहिल्यांदा कशासाठी गेलो होतो ते मुलांना सांगू नये.

शेवटी रिटायरमेंट. ब्रोशरमधल्या बाल्कनीत बसायला मिळेल म्हणून हुरळून जाऊ नका. आठवड्याभरात समोरच्या बिल्डिंगमधल्या दोऱ्यांवर कुणाचे कुठले कपडे वाळतात ते पाठ होतं आणि मग घरातले तुम्हाला दळण आणायला पाठवायला लागतात. म्हणून पास बंद करू नका. तीन महिन्यांचा काढला तर स्वस्त पडतो. घरी सांगायचं, फोर्टात बँकेचं काम आहे. ७.४८ पकडायची, रमीचे दोन डाव टाकायचे, सीएसएमटीला प्लॅटफॉर्मवर चहा घ्यायचा आणि रिकाम्या डाऊन गाडीने पाय पसरून परत यायचं. फक्त जाताना चौथ्या सीटवालं कुणी ‘काका, जरा सरका’ म्हणालं तर मुकाट्याने सरकावं. त्याला कामावर जायचं असतं.