ड्रमात बर्फ टाकून पेअर फळत नाही

ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या बागकाम ग्रुपवर एक संदेश फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘परदेशी बुटक्या खुंटावरचं पेअरचं कलम आणा, २०० लिटरच्या ड्रमात लावा, सांधा मातीत गाडा, हिवाळ्यात बुंध्याशी बर्फ टाका. दोन वर्षांत फळ. बुटका खुंट नाही मिळाला तर पेरूवर कलम बांधा, नाहीतर बाजारातल्या पेअरच्या बियांपासून खुंट करा.’ खुंट म्हणजे कलमाचा खालचा, मुळांचा भाग; त्यावर बांधलेली वरची काडी ती कलमकाडी; दोन्ही जुळतात ती जागा म्हणजे सांधा. आता यातलं एकेक वाक्य तपासू.

‘बुटक्या खुंटावर पेअर कुठेही फळतं.’

खुंटाच्या हातात बरंच काही असतं. झाड केवढं होणार, जमिनीत किती घट्ट उभं राहणार, चुनखडीची किंवा पाणथळ माती सोसणार का, पहिलं फळ लवकर धरणार का, हे खुंट ठरवतो. थंडीची गरज मात्र मुख्यतः वरच्या कलमकाडीच्या जातीची. बार्टलेटसारख्या युरोपीय जातीला हिवाळ्यात साधारण ७ अंशांखालचे आठशे ते हजार तास लागतात. पंजाबात होणाऱ्या पत्थरनाख जातीला त्याहून पुष्कळ कमी पुरतात, पण काही तरी लागतातच. ठाण्यात असे तास जवळजवळ शून्य. कमी थंडीवाल्या खुंटावर डोळे, म्हणजे थंडीनंतर फुटणारे फांदीवरचे झोपलेले कोंब, थोडे लवकर जागे होतात हे खरं. पण तो फरक थोडीफार थंडी पडते तिथला आहे, घोडबंदर रोडवरच्या गच्चीतला नाही. इथे होतं काय, तर शेंड्याचे एकदोन डोळे फुटतात, खालचे झोपून राहतात, फांदी चाबकासारखी उघडी वाढते.

बर्फाबद्दल एवढंच: थंडी मोजतो तो फांदीवरचा डोळा, मूळ नाही. बुंध्याशी बर्फ टाकून मुळं गारठतात आणि माती चिंब राहते. डोळ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

‘परदेशी बुटका खुंट कुठल्याही पेअरला चालतो.’

हा बुटका खुंट म्हणजे बहुतेक वेळा क्विन्स, म्हणजे काष्ठौषधींच्या दुकानात ज्याचा बिहीदाणा मिळतो ते झाड. पेअरचा नातलग खरा, पण सख्खा नाही. इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंगचे क्विन्स ए आणि क्विन्स सी हे नेहमीचे खुंट; सी जास्त बुटका. क्विन्समध्ये प्रुनासिन नावाचं द्रव्य असतं. ते सांध्यातून वर चढलं आणि पेअरच्या उतीत त्याचं विघटन झालं, की सायनाइड सुटतं आणि सांध्याजवळची जिवंत पेशींची चकती मरते. बार्टलेट आणि बॉस्क या जातींचं क्विन्सशी असंच बिनसतं. वाईट म्हणजे हे लगेच कळत नाही. झाड काही वर्षं बरं दिसतं आणि एका वाऱ्यात सांध्यावर सुरीने कापल्यासारखं तुटतं. म्हणून मध्ये ब्यूरे हार्डी किंवा ओल्ड होम या जुळणाऱ्या जातीचा तुकडा घालून दुहेरी कलम करतात. शिवाय चुनखडीच्या मातीत क्विन्सवरच्या झाडाची पानं पिवळी पडतात.

‘नाहीतर पेरूवर बांधा.’

नावातल्या सारखेपणापलीकडे दोघांचं नातं नाही. पेरू जांभळाच्या कुळातला, पेअर गुलाबाच्या. काडी तीन-चार आठवडे हिरवी राहते ती स्वतःच्या साठ्यावर. त्याचेच फोटो फिरतात. पुढच्या महिन्याचा फोटो कोणी टाकत नाही.

‘सांधा मातीत गाडा, कलम घट्ट बसतं.’

यानेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. मातीत गाडलेल्या सांध्याच्या वरून कलमकाडीला स्वतःची मुळं फुटू शकतात, मग खुंटाचा बुटकेपणा संपला. आणि जून-सप्टेंबरच्या आपल्या पावसात तो सांधा कुजायला वेळ लागत नाही. सांधा मातीपासून निदान ८-१० सेंटीमीटर वर हवा, आणि कलमावर गुंडाळलेली पट्टी सालीत रुतायच्या आत सोडायला हवी.

‘बाजारातल्या पेअरच्या बिया पेरल्या की खुंट तयार.’

बी रुजतं, यात खोटं नाही. फळात पाच कप्पे, प्रत्येकात जास्तीत जास्त दोन बिया. गर धुऊन ओलसर वाळूत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ४-५ अंशांना, ६० ते ९० दिवस ठेवायच्या, फ्रीझरमध्ये नाही. वाळू मुठीत दाबली तर पाणी गळता कामा नये, नाहीतर बुरशी. पण पेअरला बहुधा परक्या जातीचाच पराग लागतो, त्यामुळे प्रत्येक बी वेगळं. दहा रोपं दहा उंचीची, आणि बुटकं होईलच असं एकही नाही.

बुटका खुंट बियांतून निवडावा लागतो, आणि ते काम वर्षा-दोन वर्षांचं नसतं. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये फायर ब्लाइटला (फुलं-फांद्या जळल्यासारख्या करणाऱ्या जिवाणूंच्या रोगाला) दाद न देणाऱ्या ओल्ड होम आणि फार्मिंगडेल या जातींच्या नावाने ओळखली जाणारी खुंटांची मालिका निघाली; त्यातला ८७ क्रमांकाचा आज खूप वापरात आहे. आधी संकराची ढीगभर रोपं, त्यांतून रोगाला टिकणारी, त्यांतून काडीला सहज मुळं फुटणारी, आणि मग त्यांवर कलमं बांधून वेगवेगळ्या मातीत वर्षानुवर्षं फळाचं वजन मोजायचं. शेवटच्या टप्प्यावरही पुष्कळ बाद होतात. बरं, खुंट रोग सोसतो म्हणून वरची बार्टलेट वाचत नाही. फुलातून आलेला रोग तिला जाळतोच.

आपल्याकडे नर्सरीतून येणारं पेअरचं कलम बहुधा कैंथवर बांधलेलं असतं, म्हणजे हिमालयातल्या रानटी पेअरवर. तो खुंट बुटका नव्हेच. घेतलेल्या रोपाच्या सांध्याखाली बोट फिरवून पाहा: काटेरी फुटवा आणि कातरलेली, खाचेदार पानं दिसली, तर ते कैंथ आहे. मुळाशी ओढून काढा, वरवर छाटू नका. छाटलं की एकाचे तीन होतात. गच्चीवर वर्षभरात जोमाने वाढलेलं ‘पेअर’ म्हणून जे दाखवतात, ते पुष्कळदा हेच असतं. वरची काडी कधीच वाळलेली असते.