दोन गुंठ्यांचा जहागीरदार

आमचं बेळगावच्या शहापुरातलं घर दोन गुंठ्यांचं. ३३ फूट रुंद, ६६ फूट लांब, गुंठा १०८९ स्क्वेअर फुटांचा धरला तर बरोब्बर दोन, इंचभर इकडं नाही की तिकडं नाही. पुढं सोपा, मग मधलं घर, मग स्वयंपाकघर, आणि मागं परडं. परड्यात आड, शेवग्याचं झाड आणि पार टोकाला बाथरूम-संडास. शहापूर सांगली संस्थानात होतं त्या काळी पणजोबांनी घेतलेली जागा ही, त्यामुळं अपरात्री छत्री घेऊन परडं ओलांडायची आमच्या घराण्याला चार पिढ्यांची प्रॅक्टिस आहे. पण आईचे गुडघे आता ऐकेनात आणि आपल्याकडचा पाऊस तर तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा ठरलं, स्वयंपाकघराला लागून मागं एक खोली काढायची आणि आतच बाथरूम करायचं. बस्स एवढंच.

खोलीला परवानगी लागते, परवानगीला नकाशा लागतो आणि नकाशाला आर्किटेक्ट लागतो. तो मेव्हण्यानं शोधून दिला. (मेव्हण्यानं शोधून दिलेल्या वस्तूंबद्दल मी घरात कधी बोलत नाही, इथं लिहायलोय तेवढंच.)

पोरगं तसं गोड. टिळकवाडीत काचेचं ऑफिस, एसी, गेल्या गेल्या कॉफी, बोलताना दर वाक्याला काका. १९७२ च्या कायद्याप्रमाणं कौन्सिलकडं नोंदणी असल्याशिवाय कुणाला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही, ह्याची नोंदणी एकदम पक्की, सर्टिफिकेट फ्रेम करून खुर्चीच्या मागं लावलेलं, त्याबद्दल आपली काही तक्रार नाही. टेप धरता येतो का हे बहुतेक कौन्सिल विचारत नसावं.

घर बघायला आला तो ऐन जुलैत, पांढरे शूज घालून. हातात लेझरचं यंत्र. सोप्यात उभा राहून एका कानाला फोन लावत त्यानं ते भिंतीवर मारलं, लाल ठिपका दिसला, आकडा आला, झालं मोजून. मी म्हटलं, "अहो, खोली मागं काढायचीय, परडं बघून घ्या की." त्यानं मागच्या दारातून चिखलाकडं बघितलं, मग शुजाकडं बघितलं आणि म्हणाला, "काका, डोन्ट वरी, सॅटेलाइटवर दिसतं सगळं." सॅटेलाइटवर शेवगा दिसतो आणि शेवग्याखाली आड आहे हे फक्त आम्हालाच माहीत, पण तोवर गडी गाडीत बसला होता.

नकाशा पीडीएफमध्ये आला. आमच्या हिनं उत्साहानं तो उघडूनसुद्धा न बघता घरच्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं, "नवीन कामाला सुरुवात, आशीर्वाद असू द्या". आशीर्वाद आले, त्यांच्या मागून चुलतभावाचा फोन आला. नेहमी दादा-दादा करणारा माणूस, आवाज एकदम कोर्टातला. "दादा, साइट एरिया २१७८ स्क्वेअर मीटर लिहिलंय. मी हिशोब केला, साडेएकवीस गुंठे होतात. अर्ध्या एकराच्या वर. वाटणीच्या वेळी आमच्या अण्णांना हे कुणी सांगितलं नव्हतं."

झालं होतं असं की ३३ आणि ६६ हे आकडे बरोबर होते, त्यांच्यापुढं फूट लिहायचं तिथं मीटर लिहिलेलं. एका मीटरात ३.२८ फूट, ते लांबीला एकदा आणि रुंदीला एकदा, म्हणजे जागा जवळजवळ पावणेअकरा पट. आमचं परडं मागच्या गल्लीतल्या लोकांच्या स्वयंपाकघरांतून, देवघरांतून थेट आरपार गेलेलं. एका पीडीएफनं मी जहागीरदार झालो. चुलतभावाला मी टेप घेऊन बोलावलं, तो आला, मोजलं, दोनच गुंठे भरले, तरी जाताना भाऊ म्हणतोय काय, "पण आर्किटेक्ट कशाला खोटं लिहील?"

ह्यापेक्षा मोठा घोळ रंगांचा झाला. नकाशाला रंगांचा नियम असतो हे मला ह्या प्रकरणात कळलं. आहे ते बांधकाम काळ्या रेषेत, नवीन बांधायचं ते लाल भरायचं आणि पाडायचं त्यावर पिवळ्या तिरक्या रेघा ओढायच्या. आता बेळगावच्या मराठी माणसाला लाल-पिवळ्याचा, म्हणजे कन्नड झेंड्याच्या रंगांचा, अभ्यास करायला लावणं हाच मुळात अन्याय, त्यात एक नोव्हेंबर, त्यांचा राज्योत्सव आणि आमचा काळा दिवस, तोंडावर आलेला आणि काळं तेवढं आमच्या जुन्या घराच्या वाट्याला. पण खरी गंमत पुढं. नवीन खोली लाल होती, ते ठीक. पिवळ्या रेघा मात्र आईच्या स्वयंपाकघरावर होत्या. चूल, कट्टा, फडताळ, सगळं पाडायच्या यादीत. नातीनं मोबाईलवर बोटांनी मोठं करून आजीला दाखवलं. आई काही बोलली नाही, उठली, कुंद्याचा, म्हणजे आमच्या बेळगावी मिठाईचा, डबा फडताळातून काढला आणि आपल्या ट्रंकेत कुलूप लावून ठेवला. मला म्हणाली, "घर पाडायच्या आधी सांग हां, मी खानापूरला ताईकडं जाते."

फोन केला तर गडी शांत. "काका, तो लेयर चुकून ऑन राहिला असेल."

प्लॅन दाखल करताना खाली अर्जदार म्हणून माझी सही, त्यामुळं ऑफिसात बोलणी खायला मीच. सगळं ऑनलाइन आहे म्हणतात, आणि आहेच, फक्त ऑनलाइन काय झालं हे विचारायला तिथं जाऊन उभं राहावं लागतं. खिडकीतल्या साहेबांनी स्क्रीन बघितली, चष्मा वर केला, परत बघितली. "येनरी इदु?" म्हणजे काय हो हे? मी म्हटलं, घर आहे सर. ते म्हणाले, घर आहे ते दिसतंय, पण रस्ता कुठं आहे? नकाशात उत्तरेचा बाण उलटा. त्यामुळं आमचा पुढचा रस्ता परड्याच्या मागं गेलेला, सोप्याचं दार शेजाऱ्याच्या भिंतीत उघडणारं आणि समोर सोडायची मोकळी जागा मागून मोजलेली. आणि कोपऱ्यात चक्क एक लिफ्ट होती. कौलारू घराला लिफ्ट! दुसऱ्या कुणाच्या तरी बिल्डिंगच्या नकाशातून उचलली असणार, कारण मालकाच्या नावाच्या रकान्यातपण माझ्याऐवजी भलत्याच बाईंचं नाव. साहेब पोटभर हसले आणि "करेक्शन माडिसि, नाळे बर्री" म्हणाले, म्हणजे दुरुस्ती करून घ्या, उद्या या. तुम्ही काही म्हणा, आमचा नकाशा शेवटपर्यंत वाचलेला तो एकमेव माणूस, मला तर त्यांना चहा पाजावासा वाटला.

करेक्शन म्हणजे काय तर एक बुजवायचं आणि दुसरं उकरायचं. बाण सरळ केला तर लिफ्ट परड्यात आली. लिफ्ट काढली तर जिना राहिला, वर मजला नसताना. मीटरचे फूट केले तेव्हा त्यानं सरसकट सगळीकडंच केले, त्यामुळं बाथरूमचं दार, जे बिचारं पहिल्यापासून बरोबर ०.७५ मीटर होतं, ते ०.७५ फूट झालं. पाऊण फूट म्हणजे नऊ इंच. मी शाळेतल्या पट्टीनं आईला दाखवलं. तिनं पट्टी हातात घेतली, स्वतःच्या कमरेकडं बघितलं आणि म्हणाली, "मी आडवी होऊन जाईन रे कशीबशी, पण बादली?"

तोवर डिसेंबर आला, बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन लागलं, जो तो साहेब तिकडं ड्युटीवर. मग आमच्या हिनं सूत्रं हातात घेतली. आर्किटेक्टला फोन करून म्हणाली, "तुम्हाला कुंदा आवडतो म्हणालात ना, घरी केलाय, या." आला बिचारा. बशी हातात द्यायच्या आधी तिनं त्याला परड्यात नेलं, टेपचं एक टोक आमच्या गौंड्याच्या हातात, दुसरं ह्याच्या. पहिल्यांदा त्यानं आड बघितला, वाकून आत बघितलं, पाणी बघितलं. "काका, इथं आड आहे हे तुम्ही सांगितलंच नाही!" गौंडी तोंड फिरवून शेवग्याकडं बघत उभा राहिला.

त्या दिवशी मात्र त्यानं सगळं अंगानं मोजलं, हे कबूल करायला पाहिजे. लाल खोली आडापासून लांब सरकली, पिवळं फक्त मागच्या जुन्या बाथरूमवर राहिलं, दाराला अडीच फूट मिळाले आणि मालक म्हणून माझं नाव आलं. प्लॅन पास झाला. आईनं कुंद्याचा डबा परत फडताळात ठेवला, कुलूप मात्र आता डब्यालाच लावते.

मागच्या आठवड्यात त्याचं बिल आलं. नकाशाची फी ठरल्याप्रमाणं, त्यात एक फूट नाही की एक मीटर नाही, काही म्हणजे काही चुकलेलं नाही. खाली वेगळी ओळ, 'रिव्हिजन चार्जेस', आणि रक्कम अशी की मी बिल उलटं धरून परत वाचलं. म्हणजे चुका त्यानं करायच्या आणि दुरुस्तीचं मीटर आमच्यावर चालू. मी फोन लावणार तेवढ्यात हिनं बिल ओढून घेतलं, नातीच्या कंपासातला पिवळा स्केचपेन काढला, त्या एका ओळीवर शिस्तीत तिरक्या रेघा मारल्या आणि फोटो काढून त्याला पाठवून दिला. बाकीची रक्कम लगेच जीपे केली. त्यानं अंगठा पाठवलाय, तो कशाला पाठवलाय ते अजून विचारलेलं नाही.