बगॅसवर पाणी मारतात ते बुडवायला नव्हे

आबा, तालमीच्या ग्रुपवर तुम्ही टाकलेला मेसेज आज चौथ्यांदा आला. म्हणे, ‘मुंबई हायखाली तेलाचं तळं आहे, देशाला पुरून उरेल, पण आयातवाल्यांची सोय म्हणून विहिरींत पाणी सोडून त्या मारल्या, आणि आता सगळं ब्रिटिशांना विकलं.’

तळं कसलं? रंकाळा हाय व्हय? १९७४ साली मुंबईसमोरच्या समुद्रात, मुंबई हाय या तेलक्षेत्रात, ‘सागर सम्राट’ या विहिरी खोदणाऱ्या जहाजाला तेल लागलं ते चुनखडीच्या दगडात, बारीक छिद्रांत मुरलेलं. वर समुद्र जेमतेम ७५ मीटर, दगड मात्र तळाच्या खाली हजार मीटरहून खोल.

‘पुरून उरेल’चा हिशेब एका ओळीचा. ऐंशीच्या दशकात, ऐन भरात, दिवसाला पावणेपाच लाख बॅरल निघायचं. आज देशाला पन्नास लाखांच्या वर लागतं.

आता पाणी. माझे तीस हंगाम साखर कारखान्याच्या मिल हाऊसला, ऊस पिळतात तिथं, गेले. शेवटच्या मिलवर जाणाऱ्या बगॅसवर, म्हणजे पिळलेल्या उसाच्या चिपाडावर, गरम पाण्याचा फवारा असतो. नवं पोरगं आलं की विचारणारच, “रस काढायचाय का पाणी घालायचंय?” त्याला सांगायचो, चिपाड मुठीत दाबून बघ. हाताला कोरडं लागतं, पण चोखलं की गोड. ती साखर नुसत्या दाबानं सुटत नाही, पाणीच लागतं.

मुंबई हायला थोडं वेगळं आहे, कारण तेल पाण्यात विरघळत नाही. १९७६ला उत्पादन सुरू झालं, तेल निघत गेलं तसा खडकातला दाब उतरला. म्हणून १९८४पासून समुद्राचंच पाणी गाळून, पाइप गंजू नयेत म्हणून त्यातला ऑक्सिजन काढून, पंपानं खडकात सोडतात. ते दाब धरतं आणि तेल विहिरीकडं ढकलतं. पुढं तेच पाणी तेलाबरोबर वर येऊ लागतं, हे खरं. पण त्याला विहीर मारणं म्हणत नाहीत, क्षेत्र म्हातारं झालं म्हणतात. पाणी आधीच का सोडलं नाही, यावर भांडा, मी ऐकून घेईन.

राहिली विक्री. जानेवारी २०२५ला ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीनं बीपी या ब्रिटिश कंपनीला तांत्रिक मदतीला नेमलं. क्षेत्र ओएनजीसीचंच. दोन वर्षं ठरलेली फी, नंतर जेवढं उत्पादन वाढेल त्याच्या उत्पन्नातून टक्का. आबा, ऊस वाढवून देतो, वाढीव टनावर टक्का द्या म्हणून कुणी तुमच्या रानात उतरला, तर सातबारा त्याच्या नावावर चढतो का?